हँडल पूर्ण डावीकडे

लिफ्ट नवव्या आणि दहाव्या मजल्यांच्या मध्ये एकदा अडखळली आणि वरच्या मोटरचा आवाज, कुणी काही न करता, जरासा चढून परत खाली आला. झालं ते एवढंच. लिफ्टच्या टपावर उकिडव्या बसलेल्या तपासनिसाने मात्र मान वर केली. शेजारी टॉर्च धरून बसलेला मेकॅनिक सवयीने म्हणाला, "दोरांवर तेल जास्त झालंय साहेब, घसरतेय थोडी. परत घ्यायची ना?" हे विचारायची खरं तर गरजच नव्हती. एकवीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने कुठलीही लिफ्ट दोनदा तपासल्याशिवाय ना पास केली होती ना नापास. एकदा अडखळली तर योगायोग, दुसऱ्यांदा तिथेच अडखळली तर दोष, आणि कागदावर दोष लिहायचा तो दुसऱ्यांदा दिसल्यावरच, असा त्याचा नियम. ऑफिसात पाठीमागे त्याला 'दोनदा' म्हणत. 'उद्या दोनदा येणार आहेत' असा निरोप इमारतींच्या वॉचमनपर्यंत जाई. हे त्याला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. आज मात्र दोनदाचं लक्ष लिफ्टवर नव्हतं. ग्रीसच्या वासाच्या त्या उभ्या काळोखात तो नुसता कान देऊन बसला. न सांगता असा चढलेला आवाज त्याने अगदी अलीकडे कुठेतरी ऐकला होता. काल संध्याकाळी त्याने बायकोच्या मोटारसायकलला गरम होणाऱ्या मुठी बसवल्या होत्या. सगळं तपासलं होतं. हँडल पूर्ण डावीकडे वळवून बघितलं होतं का?

बघितलं असणारच, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि सांगता सांगताच त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला. कारण गोष्ट साधी होती. प्रत्येक मुठीतून एक वायर निघते. डावी मूठ जागच्या जागी असते, तिची काही चिंता नाही. उजवी मूठ रेसची, ती फिरते, म्हणून तिच्या वायरला मोकळीक ठेवावी लागते. ही वायर गाडीच्या सांगाड्याला आखूड बांधली गेली, तर हँडल पूर्ण डावीकडे वळताच ती ताणली जाते आणि मूठ स्वतःबरोबर ओढते. म्हणजे हाताने रेस न देता गाडीला रेस मिळते. सरळ रस्त्यावर हे कधी कळणारही नाही. कळेल ते अगदी हळू, अगदी आवळून घ्यायच्या वळणावर, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही अशा ठिकाणी. आज ती ज्या घाटातून जाणार होती त्यात अशी एकोणीस वळणं आहेत, हे तिनेच मोजून सांगितलं होतं. ती पहाटे पावणेसहाला निघाली. आता साडेनऊ. म्हणजे घाट नुकताच लागला असेल. टपावरूनच त्याने फोन लावला. घंटी वाजत राहिली. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हा तिचा नियम होता, आणि तो नियम वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून त्यानेच तिच्या अंगवळणी पाडला होता. "साहेब, दुसऱ्यांदा?" मेकॅनिकने पुन्हा विचारलं. "नको. लिफ्ट बंद ठेवा, मी उद्या येतो," तो म्हणाला आणि दहाव्या मजल्यावर उतरून जिन्याने खाली निघाला. मागे मेकॅनिक तोंडाचा आ वासून बघत राहिला असणार. दोनदाने एकदाही पूर्ण न तपासता पाय काढला, ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसात होईल.

रस्त्यावर येऊन तो घराच्या दिशेने चालू लागला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. घरी गाडी नव्हती, ती नव्हती, मुठी नव्हत्या. पण पाय तिकडेच ओढत होते. दर सिग्नलला तो फोन लावत होता आणि दर वेळी घंटी पूर्ण वाजून थांबत होती. शेजारून एखादी मोटारसायकल कलून वळली की त्याचं लक्ष आपोआप तिच्या उजव्या मुठीकडे जाई. त्याला स्वतःला गाडी येत नव्हती. लग्नाला अठरा वर्षं झाली, आणि अठराही वर्षं तो तिच्या मागे बसून हिंडला. सुरुवातीला मित्रांनी चेष्टा केली, मग मित्रच पांगले. रुळांवरून खाली-वर जाणारी यंत्रं त्याला कळत. कलून वळणाऱ्या यंत्राचं त्याला काही उमगत नसे. वळणावर ती गाडीबरोबर सहज झुके आणि तो मागे बांबूसारखा ताठ बसे. "अरे, तूपण वाक की जरा! तुझ्या ताठपणाने दोघं पडू," ती पुढून ओरडे. तेव्हा त्याला हसू येत असे. आत्ता, हमरस्त्याच्या कडेने चालताना, ते आठवून त्याने पावलं भराभर उचलली.

ती हवामान खात्यात होती. तापमान, वारा, हवेचा दाब यांचे आकडे दिवसातून आठ वेळा टिपायचे आणि तक्ते भरायचे. दीड महिन्यापूर्वी ती संध्याकाळी घरी आली आणि भांडी विसळता विसळता म्हणाली, "डोंगरावरच्या वेधशाळेत बदली झालीय. दोन वर्षं. शनिवारी येत जाईन." तो म्हणाला, "अशी कशी बदली करतात? अर्ज करू आपण, रद्द करून घेऊ." तिने नळ बंद केला. "झाली नाही. मागून घेतली." "का?" "मला वाटलं म्हणून." बस्स. त्यावर त्याने भांडायला हवं होतं. भांडी आपटायला हवी होती, रडायला हवं होतं, काहीही करायला हवं होतं. त्याने विचारलं, "वर थंडी किती असते?" भांडण करण्यापेक्षा उपकार करणं त्याला नेहमीच सोपं जाई. दुसऱ्या दिवसापासून तो वस्तू आणू लागला. लोकरीचे मोजे आणले, थर्मास आणला, गरम पाण्याची पिशवी आणली, आणि तिला एकाही वस्तूला नावं ठेवायला जागा ठेवली नाही. तुला जायचंय ना, जा, माझ्याकडून काही कमी पडायचं नाही, असा तो सगळा थाट होता. ती प्रत्येक वस्तू हातात घेऊन "छान आहे" म्हणायची आणि बॅगेत ठेवायची. त्याच्याकडे मात्र अशी बघायची, की बाबा, एकदा बोल तरी. हे त्याला तेव्हा दिसत नव्हतं असं नाही. त्याने कानाडोळा केला. शेवटी गरम मुठींचं खोकं आलं तेव्हा ती म्हणाली, "हे गॅरेजमध्ये बसवून घेते मी." तो म्हणाला, "गॅरेजवाल्याला काय कळतंय? मी बसवतो."

आणि काल रविवारी, दुपारी तीन वाजल्यापासून, इमारतीच्या पार्किंगमध्ये तो त्या मोटारसायकलशी झटत होता. जुन्या रबरी मुठी ब्लेडने उभ्या चिरून काढल्या. आत तिच्या हाताच्या घामाने काळपट झालेली नळी होती, ती त्याने रॉकेलच्या फडक्याने पुसली. उजव्या नळीवर बारीक उंचवटे होते, ते पॉलिश पेपरने घासून सपाट केले, कारण नवी मूठ आतून गुळगुळीत होती आणि उंचवट्यांवर बसली नसती. तळमजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या आणि बघत उभ्या राहिल्या. "काय चाललंय?" "मुठी गरम होणार आता. थंडीत हात गारठत नाहीत." "अहो, मग हातमोजे आणायचे! बायको लांब चाललीय आणि तुम्ही गाडीला शेकोटी लावताय." तो हसला. काकूंचं बोलणं मनावर घ्यायचं नाही असं इमारतीत सगळ्यांचंच ठरलेलं होतं. त्याने बॅटरीपासून वायर ओढली, मध्ये फ्यूज टाकला, चावी फिरवल्याशिवाय मुठींना वीज मिळणार नाही अशी जोडणी केली, नाहीतर गाडी उभ्या उभ्या बॅटरी संपायची. चिकटवण्यापूर्वी दोन्ही मुठी हातात धरून चालू करून बघितल्या. दोन मिनिटांत त्या कोमट झाल्या, पाच मिनिटांत चांगल्या गरम. बंद केल्या, गार होऊ दिल्या, परत चालू केल्या. दोनदा. मग गोंद लावला. त्या गोंदाचं असं, की पाच मिनिटांत धरतो आणि मग साक्षात ब्रह्मदेव आला तरी सोडत नाही. मूठ सरकवताना ती किंचित फिरली आणि वायरचं तोंड व्हायला हवं होतं त्यापेक्षा वर राहिलं. ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा गोंद धरला होता. चालेल, असं तो पुटपुटला. चालेल हा शब्द त्याने कामावर कधी उच्चारला नव्हता. मग त्याने प्लॅस्टिकच्या पट्टीने वायर सांगाड्याला करकचून बांधली, लोंबकळलेली वायर त्याला कधीच आवडत नसे, आणि पट्टीचं शेपूट कापून टाकलं.

आणि मग? मग तपासणी. चालता चालता तो एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकला. त्याला आठवायचं होतं आणि आठवायचं नव्हतं. आधी त्याला वाटलं, हँडल वळवून बघायचं राहूनच गेलं. रुळांवरच्या यंत्रांचा माणूस तो, त्याला वळण सुचणार कुठून? हे पटण्यासारखं होतं. विसरणं हा काही गुन्हा नाही. पण हे पटतं न पटतं तोच त्याला स्वतःचे हात दिसले. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, आणि तो हँडल पूर्ण उजवीकडे वळवतोय. काही झालं नाही. परत वळवलं, परत काही झालं नाही. उजवीकडे दोनदा. म्हणजे विसरला नव्हता. मग डावीकडे? डावीकडे वळवलं होतं. पार शेवटपर्यंत, खट् आवाज होईपर्यंत. वायर त्याच्या मनगटाला घासली, हे मनगटाला आत्ता, या पायरीवरसुद्धा आठवत होतं. आणि इंजिनाचा आवाज जरासा चढला. त्याने मुठीला हात लावलेला नव्हता, तरी चढला. हँडल सरळ केलं, आवाज उतरला. तो उभा राहिला. पार्किंगच्या भिंतीवर उन्हाचा शेवटचा पट्टा होता. परत वळवून बघायला हात हँडलपर्यंत गेला आणि तिथूनच माघारी आला. त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं, फडक्याने हात पुसले आणि तो वर गेला.

दुसऱ्यांदा त्याने बघितलंच नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्याने एक गोष्ट एकदाच बघितली आणि सोडून दिली, कारण दुसऱ्यांदा आवाज चढला असता तर तो दोष झाला असता, आणि दोष झाला असता तर सांगावा लागला असता. एकदाचा आवाज अजून योगायोगच होता. स्वतःच्याच नियमाची अशी ढाल केली होती त्याने. आणि का? हे कोडं त्याला जास्त छळू लागलं. सांगितलं असतं तर ती सोमवारी निघाली नसती. गोंदाची मूठ कापून काढा, नवी मागवा, चार दिवस तरी ती घरात राहिली असती, आणि चार दिवस मिळावेत म्हणून तर त्याचा जीव तुटत होता! मग तोंड का नाही उघडलं? कारण ती म्हणाली असती, 'मी जाऊ नये म्हणून मुद्दाम बिघडवलंस.' किंवा म्हणालीही नसती, नुसती बघत राहिली असती. तो तिला अडवतोय, हे तिला दिसलं असतं. ते दिसू नये म्हणून तो तिला तशीच जाऊ देत होता. घाटात. एकोणीस वळणांवर. त्याला स्वतःची एवढी किळस आली, की तो पायरीवरून उठून उभा राहिला. समोरून चाललेल्या बाईने दचकून मुलाचा हात घट्ट धरला. आपण मोठ्याने काही बोललो की काय, हे त्याला कळलं नाही. पुन्हा फोन लावला. घंटी. घंटी. काल रात्री जेवताना तिने विचारलं होतं, "झालं सगळं नीट?" आणि तो ताटात बघून म्हणाला होता, "हो. तासन् तास गरम राहतील." पहाटे ती उठली, बॅग बांधली, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. डोळे मिटलेले, श्वास अगदी संथ. बूट वाजत दारापर्यंत गेले, थांबले, बराच वेळ थांबले, आणि मग जिना उतरले. खाली इंजिन चालू व्हायला बराच वेळ लागला. पाच मिनिटं, सात मिनिटं. बॅगा बांधत असेल, असं त्याने मनाशी म्हटलं होतं, आणि इंजिनाचा आवाज फाटकाबाहेर गेल्यावर त्याला, काय हा निर्लज्जपणा, झोप लागली होती.

अकराच्या सुमाराला तो पार्किंगमध्ये पोचला. गाडीच्या जागी फरशीवर तेलाचा जुना डाग होता आणि काल झाडायचा राहिलेला रबराचा चुरा होता. त्याने गुडघे टेकले आणि उगाचच फरशी चाचपायला लागला. काय शोधतोय हे विचारलं असतं तर त्याला उत्तर देता आलं नसतं. काकूंनी खिडकीतून विचारलंच. "हरवलं काही?" "नाही, काही नाही." "बरं झालं आलात. माझी कात्री वर आहे का बघा बरं तुमच्याकडे." "तुमची कात्री?" "पहाटे तुमची बायको घेऊन गेली ना! साडेपाचला बेल वाजवली, मला वाटलं काय झालं बाई. म्हणाली, काकू, कात्री द्या, एक वायर सोडवायचीय. म्हटलं अगं, घरात नाही का कात्री? तर म्हणाली, तो झोपलाय." काकू आत गेल्या. कात्री तिथेच होती, भिंतीच्या कठड्यावर, नीट मिटून ठेवलेली. आणि कठड्याखाली प्लॅस्टिकच्या पट्टीचं एक कडं पडलं होतं, मधोमध कापलेलं. काल त्याने कापलं होतं ते पट्टीचं शेपूट. हे शेपूट नव्हतं, ही पट्टीच होती, त्याने करकचून आवळलेली गाठ अजून जशीच्या तशी होती. त्याने ते कडं तळहातावर घेतलं. तिने वायर सोडवून घेतली होती. ती निघाली तेव्हा वायर मोकळी होती. भिंतीला पाठ लावून तो फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा हमसून रडला. जीव भांड्यात पडला म्हणून रडला. पण ते रडणं संपण्याआधीच आत दुसरं काहीतरी गार होत गेलं. तिला माहीत होतं. तीन मजले चढून आपल्या घरातली कात्री आणण्यापेक्षा तिने पहाटे साडेपाचला शेजारणीची बेल वाजवली होती. तो झोपलाय, असं सांगून.

साडेबाराला फोन वाजला तेव्हा तो तिथेच बसला होता. "पोचले," ती म्हणाली. मागे वारा घोंगावत होता. "सतरा वेळा फोन केलास. काय झालं?" "काही नाही. पोचलीस का बघत होतो." "पोचले की. हात छान गरम राहिले सगळ्या रस्त्याने." एवढ्यावर फोन ठेवता आला असता. ती ठेवू देत होती, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. शनिवारी ती आली असती, 'छान आहे' म्हणाली असती, दोन वर्षं गेली असती. मूग गिळून बसायला त्याच्याइतका पटाईत कुणी नव्हता. त्याने तळहातावरचं कडं मुठीत आवळलं.

"काल हँडल डावीकडे वळवल्यावर रेस वाढत होती," तो म्हणाला. "मला ऐकू आलं होतं."

मग ती म्हणाली, "मलाही. मी जिन्यात उभी होते, तुला चहाला बोलवायला आले होते. म्हटलं, आता परत बघेल. तू सगळं दोनदा बघतोस."

"मी परत बघितलं नाही."

"हो. मग म्हटलं जेवताना सांगेल. मग म्हटलं सकाळी सांगेल." तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच त्याला सोसवत नव्हतं. "अरे, दोन मिनिटांचं काम होतं ते. पट्टी कापली, वायर सैल बांधली, झालं. मूठ काढायचीसुद्धा गरज नव्हती. सांगितलं असतंस तर आपण दोघांनी मिळून केलं असतं." आणि मग तिने ते विचारलं. "मी जिन्यात नसते तर?"

सकाळपासून तो त्याच प्रश्नाभोवती चालत होता. "तर मी सांगितलं नसतं," तो म्हणाला. "सांगावं लागू नये म्हणून पहाटे झोपेचं सोंग घेतलं होतं."

"ते माहीत होतं."

"कसं?"

"तू झोपलास की घोरतोस. पहाटे घोरत नव्हतास." हसण्यासारखं होतं, पण दोघांपैकी कुणीही हसलं नाही. "मी दारात उभी होते. बूट घालून, बॅग खांद्यावर. म्हटलं नुसते डोळे उघडले तरी पुरे. नुसतं 'जाऊ नको' म्हणाला असतास तरी मी खाली बसले असते. म्हणून तर बदली मागितली होती, तू एकदा तरी 'जाऊ नको' म्हणावंस म्हणून. आणि तू मोजे आणलेस."

त्याने तोंडावर हात दाबून धरला. पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी आली, उभी राहिली, त्या गाडीवाल्याने त्याला फरशीवर बसलेला बघितलं आणि काही न विचारता निघून गेला. "शनिवारी," तो कसाबसा म्हणाला, "शनिवारी येशील ना?"

"नाही."

"पुढच्या?"

"मी खाली यायची नाही. तुला यायचं असेल तर तू ये. बस पायथ्यापर्यंतच येते. तिथून दीड तासाचा चढ आहे, आणि मी गाडी घेऊन न्यायला येणार नाही. इथे लिफ्टही नाही."

"चालत येईन."

"थांबत थांबत ये. आणि येताना माझ्यासाठी काही आणू नकोस," ती म्हणाली.